उतारावर गाडी कुणी धरायची, पायानं की इंजिनानं?

गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला पुण्यात, कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या महामार्गाच्या उतारावर, भूमकर चौकाजवळ, सर्व्हिस रोडच्या टपरीमागे आमचा कट्टा भरला होता. चहा अजून हातात यायचा होता, तेवढ्यात वास आला. नऱ्ह्यात राहणाऱ्या माणसाला तो वास कसला हे विचारावं लागत नाही. घशात खवखवणारा, कडवट. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमवर दाबून गाडी थांबवणारे पट्टे, जळाल्याचा वास.

एक दहाचाकी ट्रकगाडी सर्व्हिस रोडला येऊन थांबली होती. मागच्या डाव्या चाकांतून धूर निघत होता. क्लीनर पोरगा पाण्याची बाटली घेऊन धावला, तसे अण्णा बाकावरून ओरडले, "ए, पाणी मारू नकोस! ड्रम तडकेल!" आम्ही सगळे उठून गेलो. चाकापासून दोन हात लांब उभं राहिलं तरी तोंडाला झळ लागत होती. ड्रायव्हर पंचविशीचा असेल. स्टिअरिंग सोडून खाली उतरला तरी त्याच्या हाताचा कंप जात नव्हता.

"बोगदा सुटल्यापासून दाबतोय," तो म्हणाला. "दरी पुलापर्यंत धरत होती. पुढं पॅडल दाबलं तरी गाडी ऐकेना."

"गिअर कुठला होता?" अण्णांनी विचारलं.

"टॉप."

"आणि एक्झॉस्ट ब्रेक?"

"आहे. पण चालत नाही. मालक म्हणतो, त्याच्याशिवायबी उतरती की गाडी."

एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे बटण दाबून इंजिनाकडूनच गाडी अडवायची सोय. मी स्वतः दोन दहाचाकी गाड्यांचा मालक आहे. ते वाक्य माझ्या काळजात रुतलं, कारण माझ्या दोन गाड्यांतला एक्झॉस्ट ब्रेक चालतो की नाही हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

ड्रायव्हरला चहा पाजला, अर्धा तास गाडी गार होऊ दिली. तिथून जी चर्चा सुरू झाली ती रात्री साडेअकरापर्यंत चालली.

अण्णांनी एकतीस वर्षं अवजड गाडी चालवली आहे, एकही मोठा अपघात नाही. त्यांचं म्हणणं ठाम होतं. "आमच्या वेळी कुठं होता एक्झॉस्ट ब्रेक? बोरघाट उतरायचा तर वरच गाडी थांबवायची, दुसरा गिअर टाकायचा आणि खोपोलीपर्यंत हात लावायचा नाही. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. हे बटण आलं आणि पोरांची शिस्त गेली. वर इंजिनाचा सायलेन्सर दाबून धरायचा म्हणजे इंजिनाचा गळा आवळण्यासारखं आहे. हेड गॅस्केट जाणार, टर्बो जाणार."

मिस्त्रींचं गॅरेज आमच्याच गल्लीत आहे. ते सहसा कमी बोलतात, पण इथे त्यांना राहवलं नाही. "अण्णा, गळा आवळण्यासाठीच तर ते बनवलंय. पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेचं तोंड बंद होतं, इंजिन रिकामी हवा ओढायला धडपडतं, गाडी आपोआप अडते. डिझेलला हवेचं तोंड बंद करणारं तसं काही नाही. हवा येते, दबते, परत पिस्टनला ढकलून निघून जाते. जेवढं घेतलं तेवढं जवळजवळ परत दिलं. म्हणून नुसत्या गिअरवर डिझेल गाडी हवी तेवढी अडत नाही. एक्झॉस्ट पाइपमध्ये झडप लावली की धूर बाहेर जायला वाटच राहत नाही. पिस्टनला त्या कोंडलेल्या दाबाविरुद्ध वर यावं लागतं. ती ताकद चाकांतूनच येते, म्हणजे चाकं अडली. कंपनीनं बसवलेल्या झडपेत दाब किती चढू द्यायचा हे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बघून ठरवलेलं असतं. त्यानं इंजिन जात नाही. उलट चालू गाडीत बाहेरून कुठली तरी झडप आणून बसवली आणि दाब जास्त चढला, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्प्रिंगला न जुमानता उघडतो. नुकसान तिथं होतं."

ही शेवटची सूचना नानांसाठी होती. नाना बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि जुनी मिनीबस घेऊन तिचं मोटरहोम करायचं त्यांनी मनावर घेतलं आहे. आत पलंग, छोटं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, आणि वहिनींना घेऊन कोकणातून गोव्यापर्यंत. आम्हाला सगळ्यांनाच त्याचं अप्रूप आहे. २०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे आहे. पण कोकणात जायचं म्हणजे घाट आला. नानांनी विचारलं, "माझी तर पाच टनांची गाडी. तिला एवढं सगळं कशाला लागतंय?"

दाद्या भोसरीच्या एका कारखान्यात डिझाइनला आहे. त्यानं टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशोब मांडला. "चाळीस टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरली की साधारण एकोणचाळीस मेगाज्यूल उष्णता होते. म्हणजे सव्वाशे लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी. आता ती उष्णता जाणार कुठं? इंजिनातून नेली तर धुरावाटे आणि रेडिएटरवाटे बाहेर पडते, तेच तर त्याचं काम. पायानं ब्रेक दाबला तर सगळी त्या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये. नाना, तुमची पाच टन धरली तर पंधरा लिटर पाणी उकळेल. वजन कमी आहे, पण ड्रमही तेवढेच लहान आहेत. आणि मोटरहोम कधी रिकामं नसतं. ट्रक माल उतरवून हलका होतो. तुमची टाकी, बॅटऱ्या, फ्रिज, पलंग, सिलिंडर प्रत्येक घाटात तुमच्याबरोबर."

लायनर तापलं की नक्की काय होतं, हे मिस्त्रींनी समोरच्या दहाचाकीकडे बोट दाखवून सांगितलं. तापलेलं लायनर घसरायला लागतं, त्याची पकड जाते. शिवाय ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो. हवेच्या ब्रेकचा दांडा आधीपेक्षा जास्त लांब जावा लागतो, आणि त्याची झेप ठरलेली असते. ती संपली की पॅडलवर उभं राहिलात तरी उपयोग नाही. हवा भरपूर आहे, पाइप शाबूत आहे, आणि तरीही गाडी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी गार झालेल्या गाडीची तपासणी केली तर ब्रेक ठणठणीत लागतात. "म्हणून तर आरटीओला ब्रेक फेल सापडत नाही आणि ड्रायव्हर म्हणतो फेल झाले. दोघंही खरं बोलत असतात."

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अपघात झाला की 'ब्रेक फेल' एवढ्या दोन शब्दांवर विषय संपतो.

मग बोलण्याची गाडी न्यूट्रलवर, म्हणजे गिअर काढून उतार उतरण्यावर आली. २० नोव्हेंबर २०२२ ची रविवारची रात्र आमच्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. नवले पुलाच्या उतारावर एका अवजड गाडीनं अठ्ठेचाळीस गाड्यांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा प्राथमिक तपासातून समोर आलं होतं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथंच कंटेनर आला, आग लागली, माणसं गेली. नाना त्या संध्याकाळी धायरी फाट्याला अडकले होते, त्या धुराबद्दल ते अजूनही बोलत नाहीत.

"इंजिन बंद केलं की हवेचा कॉम्प्रेसर बंद," मिस्त्री म्हणाले. "प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होते, भरत काही नाही. स्टिअरिंग दगडासारखं जड. नाना, तुमच्या मिनीबसमध्ये व्हॅक्यूमचा बूस्टर असला तर दोन-तीनदा पाय मारेपर्यंतच ब्रेक, मग नुसती लाकडी फळी. आणि न्यूट्रलला एक्झॉस्ट ब्रेक असून नसल्यासारखा, कारण इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटला."

दाद्यानं त्यात एक गोष्ट घातली जी माझ्या डोळ्यांत अंजन घालणारी होती. "डिझेल वाचतच नाही मुळात. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की पंप डिझेल देणंच थांबवतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र डिझेल जाळावं लागतं. म्हणजे न्यूट्रल मारून उतरणारा उलट जास्त जाळतो."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं, ते जाऊ द्या. पण माझा गिअरचा नियम तरी चुकीचा नाही ना?"

इथे दाद्यानं जे सांगितलं ते माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं होतं. अण्णांच्या तरुणपणीची गाडी शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरची. ती घाट दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढायची, म्हणून दुसऱ्यातच उतरायची, आणि तो गिअर तिला धरून ठेवायचा. आजच्या गाडीत त्याच्या दुप्पट ताकद. ती तोच घाट वरच्या गिअरमध्ये सहज चढते. नव्या पोरानं अण्णांचा नियम पाळला तर तो त्याच वरच्या गिअरमध्ये उतरायला लागतो, आणि तिथं इंजिन धरत नाही. नियम तोच, पण गाडी बदलली आणि नियमाचा अर्थ उलटा झाला. शिवाय एक्झॉस्ट ब्रेकचा जोर इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. फेरे कमी, जोर कमी. खालचा गिअर, वरचे फेरे, पण लाल पट्ट्याच्या आत, तेव्हाच तो खऱ्या अर्थानं गाडी धरतो. टॉप गिअरमध्ये बटण दाबून फक्त आवाज बदलतो.

"आणि गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा," अण्णा लगेच म्हणाले. "उतारावर गाडी पळायला लागली की खालचा गिअर पडत नाही. क्लच दाबला, गिअर निघाला, आणि पुढचा बसलाच नाही, तर तुम्ही न्यूट्रलमध्ये. मी हे दोन माणसांना भोगताना पाहिलंय."

यावर कुणाचा वाद नव्हता. बोगद्यातून बाहेर पडायच्या आतच निर्णय झालेला हवा.

अण्णांचा आणखी एक मुद्दा मात्र आम्हाला मान्य करावा लागला. पावसात, रिकामी गाडी, ताम्हिणीच्या वळणावर त्यांनी एकदा एक्झॉस्ट ब्रेक ओढला आणि मागचा भाग बाजूला सरकला. एक्झॉस्ट ब्रेक फक्त ओढणाऱ्या चाकांना अडवतो, पुढच्या चाकांना नाही. ओल्या रस्त्यावर आणि हलक्या गाडीत ती चाकं घसरतात. म्हणून पाऊस असेल आणि गाडी रिकामी असेल तर बटण बंद ठेवायचं आणि मुळातच सावकाश जायचं. कोकणात जाणाऱ्या नानांनी हे मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

कमिन्सची गोष्ट दाद्यानं याच ओघात सांगितली. कोथरूडचा कारखाना आणि कर्वेनगरचं कॉलेज यामुळे हे नाव पुण्यात पोराटोरांना माहीत आहे, पण त्या नावाचा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो. क्लेसी कमिन्स १९३१ साली डिझेल ट्रक घेऊन अमेरिका आडवी पार करत होता. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीत ब्रेक गेले. खाली रेल्वे फाटक, आणि फाटकातून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा सरकला आणि ट्रक त्याच्या मागून पार झाला. ती भीती त्या माणसाच्या मनातून गेली नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं इंजिनालाच ब्रेक बनवलं, आणि १९६१ मध्ये ते बाजारात आलं. ते आपल्या एक्झॉस्ट ब्रेकपेक्षा वेगळं आहे. त्यात धुराची वाट बंद करत नाहीत, तर पिस्टननं हवा दाबून वर नेली की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून ती सोडून देतात, म्हणजे ती हवा पिस्टनला परत ढकलूच शकत नाही. जोर जास्त, आवाजही भयंकर.

अण्णा म्हणाले, "तीस वर्षं तो प्रसंग डोक्यात ठेवला त्यानं." आणि पुढे इंजिनाचा गळा आवळण्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

त्या पोराची गाडी रात्री दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू निघून गेली. माझा प्रश्न मात्र तिथंच राहिला. मी माझ्या ड्रायव्हरांना अॅव्हरेजवर बक्षीस देत आलो आहे. ठरलेल्या डिझेलपेक्षा कमी जाळलं तर वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे त्याचे. आमच्या धंद्यात बहुतेक जण असंच काहीतरी देतात. म्हणजे उतारावर न्यूट्रल मारायला मीच पैसे देत होतो, आणि ते सुद्धा खोट्या समजुतीवर.

रविवारी माझी एक गाडी मिस्त्रींकडे उभी केली. त्यांनी टर्बोच्या पुढच्या पाइपवरची झडप दाखवली. हवेचा छोटा सिलिंडर, त्याचा दांडा, आणि दांड्याला जोडलेली झडपेची दांडी. बटण दाबल्यावर दांडा सुपारीएवढाही हलेना. हवेचा पाइप कुणीतरी काढून त्याला बोळा कोंबला होता. कधी काळी झडप काजळीनं अर्धी बंद अडकली असेल, गाडी ओढेनाशी झाली असेल, आणि कुठल्यातरी गॅरेजनं सोपा उपाय केला असेल. झडप खोलली तर आतल्या तबकडीवर काजळीचा बोटाच्या पेराएवढा थर. तो खरवडून, दांडी धुऊन, नवा पाइप बसवायला दीड तास लागला. मग बटण दाबल्यावर खट्ट आवाज आला आणि इंजिनाचा सूर एकदम जड झाला.

बक्षीस मी बंद केलं नाही, ते दर महिन्याला लायनर मोजून द्यायचं ठरवलं. लायनर जितकं कमी झिजलं तितके पैसे जास्त.

काल ड्रायव्हर कोल्हापूरहून माल घेऊन आला. खंबाटकीचा बोगदा, त्यापुढचं एस वळण, मग कात्रज. वडगावला पोचून त्यानं फोन केला. "शेठ, कात्रजच्या बोगद्यापासून खालपर्यंत तीनदाच पाय लावला. आता उतरून ड्रमजवळ हात नेला. झळ नाही."