रविवारी गाव खायला निघालेल्या ठाणेकरांसाठी

शनिवारी रात्री साडेदहाच्या आत ‘उद्या कुठेतरी जाऊ या’ हे वाक्य घरात काढू नये. लवकर काढलं की लगेच ठरतं, ठरलं की सकाळी आठला निघावं लागतं, आठला निघालं की रस्ता मोकळा मिळतो आणि दहाला माणूस पोटभर खाऊन घरी. मग उरलेल्या रविवारचं करायचं काय? तेव्हा झोपा निवांत. सकाळी पोहे करायचे नाहीत, कारण ‘बाहेरच खायचंय ना’. मुलांना दोन बिस्किटांवर ठेवा. आधी आंघोळीला कोण जाणार यात तासभर काढा. सासूबाईंचे गुडघे दुखत असले तरी आग्रहाने त्यांना तयार करा आणि बरोबर साडेबाराला गाडी बाहेर काढा. कापूरबावडीच्या सिग्नलला तुमच्यासारखेच उपाशी लोक तुमची वाट बघत असतील.

जायचं कुठे हे ठरवताना एकच पथ्य पाळा. जिथे चालत जाता येतं ते ठिकाण बाद. तलावपाळीला जाणं हे ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचं काम. तिथे पाणी आहे, बोटी आहेत, बसायला कट्टा आहे, भेळ आहे, पलीकडे कौपिनेश्वर आहे, सगळं मान्य. पण गाडी लावणार कुठे? उपवनचंही तेच. एके काळी शहरात साठावर तलाव होते म्हणतात, आता साधारण निम्मे उरलेत. बाकीच्यांची आठवण इमारतींच्या नावांत जपून ठेवली आहे, लेक अमुक आणि लेक तमुक, त्यामुळे हळहळायचं कारण नाही.

मामलेदारची मिसळ तर नावच काढू नका. बाकावर अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचं, दोन घासांत नाकाडोळ्यांतून पाणी, वर पाव मागवायचा, आणि खाऊन झालं की उठायचं, कारण मागे कोणीतरी उभं आहे. वीस मिनिटांत आटोपतं त्याला आउटिंग म्हणत नाहीत.

तुम्हाला हवंय ते गावाकडचं जेवण. गावाकडे जायची आता गरज नाही, गाव घोडबंदर रोडवर मिळतं.

माजिवड्यापासून गायमुखापर्यंतचा रस्ता हाच खरं तर सहलीचा मुख्य भाग, जेवण नावाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी आगगाडी १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन ठाण्याला आली, तेव्हा ३४ किलोमीटरला तासा-सव्वातासापेक्षा जास्त वेळ लागला नव्हता. एवढ्या घाईत बिचाऱ्या पाहुण्यांनी बघितलं काय असेल? तुम्ही तेवढ्याच वेळात दहा-अकरा किलोमीटर जाल आणि एकेक खड्डा ओळखीचा होईल. न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेला कंटेनर शेजारी येऊन थांबला की त्याच्या मागच्या बाजूची शायरी वाचा. डावीकडे येऊरचा डोंगर दिसतो असं जुने लोक सांगतात. दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून तो अजूनही दिसतो, लक्ष ठेवा. पोरं कुरकुरायला लागली की त्यांना मेट्रोचे खांब मोजायला लावा. वडाळ्यापासून कासारवडवलीपर्यंतचा मार्ग ३२ किलोमीटरचा, उजळणीला तोटा नाही.

इतिहास सांगायचा असेल तर सांगा. ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, आणि तिथूनच १८१६ साली दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. रविवारी दुपारी एकला या रस्त्याने निसटले असते तर इंग्रजांनी त्यांना पायी जाऊन धरलं असतं.

बसथांब्यांच्या पाट्या मात्र मोठ्याने वाचू नका. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कावेसर, ओवळे, कासारवडवली. पोरगं विचारायचं, बाबा, ही सगळी गावं आहेत का? मग सांगत बसा की हो, इथे भातशेती होती, आपल्या सोसायटीच्या पोडियमवर जिथे झुंबा चालतो तिथे पावसाळ्यात गुडघाभर चिखलात लावणी व्हायची. पोरगं त्यावर म्हणेल, मग आपण गाव बघायला गाडीतून कुठे चाललोय? उपाशी मुलं फार तर्कशुद्ध बोलतात. बिस्किटं जास्त ठेवा.

हॉटेल निवडताना नावात वाडा, चूल, माती, आजी यांपैकी निदान दोन शब्द हवेत. दारात सिमेंटची बैलजोडी हवीच. खरी बैलजोडी ठेवायला कोणाची हरकत नाही, पण ती शेण टाकते आणि पांढऱ्या बुटांतलं गिऱ्हाईक परत जातं. बैलगाडीत बसून फोटो काढायची रांग वेगळी, जेवणाची वेगळी. चुकून पहिलीत उभे राहिलात तरी चालेल, वेळ सारखाच जातो. काउंटरवर फेटा बांधलेला पोरगा ‘राम राम पाव्हणं’ म्हणेल. तो झारखंडहून आलेला असतो, पण म्हणतो तुमच्यापेक्षा झकास. ‘किती जण? सहा? चाळीस मिनिटं.’ चाळीस म्हणजे नव्वद धरा. तोवर तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर टेकायला हरकत नाही, पण सासूबाईंना जागा मिळाली असेल तर तुम्ही उभे राहा. वृंदावनातली तुळस प्लास्टिकची आहे हे त्यांनी एव्हाना पान चुरून बघून ठेवलेलं असेल.

दाराला लागून एक काचेची खोली असते. तिच्यात चुलीपुढे नऊवारी नेसलेली बाई भाकऱ्या करत बसलेली. चूल खरी, जाळ खरा, धूर तुमच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून वर मोठा पंखा. ती परातीत पिठाचा गोळा मळून घेते, तळव्याने थापत थापत गोल फिरवते, कड बोटांनी सारखी करते, भाकरी अलगद उचलून तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते आणि उलटायच्या आधी दंडाने कपाळावरचा घाम पुसते. मोबाइल काचेला टेकवून तिचा व्हिडिओ जरूर घ्या, पण घाम पुसतानाचा भाग कापा, इतकं गावरान कोणाला नको असतं. आई घरी ओट्याशी उभी राहून भाकऱ्या करायची तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीतून ‘अजून किती वेळ’ ओरडत होतात, हे आठवायची ही जागा नव्हे.

आणि तिला ‘तुम्ही कुठल्या हो?’ असं चुकूनही विचारू नका. आसपासच्याच गावातली निघाली तर? मग समजायचं की तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी होते ती तांदळाची, आणि ही ज्वारीची ती इथे नोकरीला लागल्यावर शिकली. सगळा मूड जायचा.

कारण मेनूकार्डावर गाव आहे ते दुसरीकडचं. तांबडा-पांढरा कोल्हापूरचा, शेंगाचटणी सोलापूरची, भरीत जळगावचं, ठेचा सगळीकडचा. खाडी इथून हाकेच्या अंतरावर, बाळकुम-कोलशेतला आगरी-कोळ्यांची घरं अजून आहेत, पण चिंबोरीचा रस्सा, निवट्यांचं कालवण, सुकटीची चटणी यांतलं काही कार्डावर सापडायचं नाही. बरोबरच आहे. निवट्या म्हटलं की समोरचा विचारणार, ‘ते चिखलात उड्या मारतात तेच का?’ गाव कुठलंही चालतं, आपण ज्याच्यावर बसलोय तेवढं सोडून. त्याचा सातबारा काढायला गेलं तर भलतंच निघतं, आणि तसाही तो सोसायटीच्या नावावर झालेला नाही. कन्व्हेयन्ससाठी बिल्डर अजून फोन उचलत नाही. (हा विषय सर्वसाधारण सभेत घ्या, जेवताना नको.)

टेबल मिळालं की मांडी घालून बसायची भारतीय बैठक मागा. पाच मिनिटांत पाय बधिर होतील, मग वेटरला सांगून खुर्च्यांवर जागा बदलून घ्या. हाताने खा, पण लिंबाचं गरम पाणी आधीच सांगून ठेवा. थोरल्याला पिठल्यावर चीज घालून मिळतं का विचारायचं असेल. विचारू द्या, मिळतं. धाकटी शेवटी फ्रेंच फ्राइजच खाते. भाकरी गरम आली की तिचा फोटो काढेपर्यंत ती चामट होते, तेव्हा ‘चुलीवरची अशीच असते’ असं ठामपणे सांगा. ज्याने चुलीवरची कधी खाल्ली नाही तो हे जास्त ठामपणे सांगतो, असा अनुभव आहे. बिल आल्यावर ‘एवढे पैसे?’ म्हणायचं नाही. पिठलं-भाकरी गरिबाचं जेवण असलं तरी ते गरिबाच्या दरात देणं हॉटेलला परवडत नाही.

पैशांचंच निघालं म्हणून सांगतो. पावसाच्या तोंडाशी जांभळी नाक्याच्या बाजारात येऊरकडच्या आदिवासी बायका पहाटे निघून टोपल्या घेऊन बसतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, मागाहून कंटोळी. तिथे घासाघीस करणं हे आपलं कर्तव्य आहे. वीसची जुडी पंधराला मागा, दोन पावलं पुढे जाऊन परत या, कोथिंबिरीची काडी वर मागा, ती विकत नसली तरी मागा. शेवळं खाजरी असतात, त्यात काकडं नावाची आंबट रानफळं घालावी लागतात, हे ती सांगायला लागली तर ‘यूट्यूबवर आहे’ म्हणून उठा. त्याच भाज्या ‘रानभाजी महोत्सव थाळी’ म्हणून साडेचारशेला समोर आल्या की मात्र भाव करायचा नसतो. तिथे खाली वाकून शेफचं नाव विचारतात.

जेवणानंतर शतपावली करायला येऊरला जा. अर्थात गाडीने. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वर वारल्यांचे पाडे आहेत, बिबटे आहेत, आणि त्या दोघांचीही रविवारची संध्याकाळ तुमच्याशिवाय कशी कंटाळवाणी जाते ते त्यांचं त्यांना माहीत. काचा खाली करून गाणी लावा. ‘किती शांत आहे ना इथे’ हे वाक्य गाण्याच्या वर आवाज चढवून म्हणावं लागतं. धबधब्यांवर बंदीचा आदेश बहुतेक दर पावसाळ्यात निघतो. तो नीट वाचा, कुठे कुठे पाणी पडतं त्याची अधिकृत यादी एवढी सविस्तर दुसरीकडे कुठे मिळत नाही. वेफर्सची रिकामी पाकिटं गाडीत ठेवू नका, वास येतो. वाटेत पाटोणापाड्याची पोरं कडेला उभी राहून तुमच्याकडे बघत असतील. त्यांना हात करा. रिसॉर्टच्या तिकिटात हे धरलेलं नसतं, फुकट आहे.

परतताना साडेसात वाजतील. मानपाड्याला गाडी उभी राहील आणि मागून सासूबाई म्हणतील, ‘घरी मुगाची खिचडी टाकली असती तर आत्तापर्यंत भांडीसुद्धा झाली असती.’ याला उत्तर देऊ नये. त्याऐवजी तेवढ्या वेळात हॉटेलचं परीक्षण लिहून टाका. तीन तारे. ‘चव उत्तम, वातावरण अस्सल, पण गर्दी फारच. लोकांना रविवारी घरी बसवतच नाही का?’

पुढच्या वेळी कोणी माथेरान सुचवेल. ठाम नकार द्या. तिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडीच नेऊ देत नाहीत. तिथून मिनी ट्रेन, घोडा, नाहीतर आपले पाय. एवढा हप्ता भरून आणलेली गाडी बाहेर ठेवून आत जायचं म्हणजे तिचा अपमान आहे.

घरी पोचलात की बैलगाडीतला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाका, खाली लिहा ‘मातीशी नातं’. चव कशी होती असं कोणीही विचारणार नाही. बी विंगमधले काका तेवढे विचारतील, ‘पार्किंग आहे का?’ त्यांना कळवा की व्हॅले आहे, किल्ली फेटेवाल्याकडे द्यायची.