पुसू नका, फुंकू नका, हातच लावू नका!

"अहो, जुन्या रेकॉर्डची ती करकर म्हणजेच तर खरी मजा!" हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं, तर चहा मिळणार नाही. मजा? मी मालकंस लावलाय, लाह्या फोडायला नाही बसलो!

आधीच जळगावचा मे महिना. पारा 44 वर, हवा कोरडी ठाक. विनाइलवर, म्हणजे रेकॉर्डच्या प्लास्टिकवर, चढलेली स्थिर वीज अशा हवेत उतरता उतरत नाही आणि अख्ख्या शिवाराची धूळ रेकॉर्डला येऊन चिकटते. त्यात हे सल्लागार! एक जण शर्टाच्या बाहीनं पुसतो. दुसरा फुंकर मारतो, थुंकीसकट. तिसरा म्हणतो, "खोबरेल लाई टाक ना भाऊ!" रेकॉर्ड आहे की टाळू? तेल खाचांत बसतं, धूळ धरतं, सुई त्याचा चिखल करते.

कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर हलकेच टेकवा, सुई मागून पुढे झाडा, एवढंच सांगतो. फारच मळली तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवून. आणि आजोबांच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका हो, लाख विरघळते! पण ऐकतो कोण? "कडेला धरा" म्हटलं की पाहुण्यांचं तोंड फुगतं. बोटं मात्र शेवभाजीची, तर्री थेट विलंबित ख्यालावर.

वर विचारणार, "हे यूट्यूबवर नाही का मिळत?"