‘काकू असत्या तर असं झालं नसतं’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

एक तारा आणि तीन तक्रारी, सगळं वाचलं. बाळंतविड्यातल्या स्वेटरसाठी नंतर नेलेला गुलाबी लोकरीचा गुंडा आधीच्या चारांशी जुळला नाही. उघडलेला गुंडा आम्ही परत घेतला नाही. आणि टाक्यांचा हिशेब मांडून द्यायला आता कोणी बसत नाही. दुकानातल्या काकूंबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर वाद नाही. त्या अशा अचानक गेल्या की अजूनही गिऱ्हाईक दारातून ‘काकू आहेत का?’ विचारत आत येतं.

आधी रंगाचं. शेड नंबर दोन्ही गुंड्यांवर एकच आहे, पण त्याखाली छापलेला लॉट नंबर वेगळा. एका लॉटची लोकर एकाच वेळी रंगते. पुढच्या खेपेला रंगाचं वजन, पाण्याची उष्णता, वेळ यांत जरा फरक पडला की छटा हलते. ट्यूबलाइटखाली हा फरक बऱ्याचदा कळत नाही, म्हणून काकू दोन गुंडे घेऊन थेट दुकानाच्या पायरीवर उन्हात जायच्या. गुंडे शेजारी ठेवून भागत नाही. दोन्हीचे धागे बोटाभोवती आलटून पालटून गुंडाळले की खरं काय ते दिसतं. नवा लॉट वेगळा असल्याचं आम्ही बिलावर लिहिलं होतं. बिलावरचं कोण वाचतं म्हणा!

काकूंच्या वहीत प्रत्येक मोठ्या खरेदीसमोर लोकरीचा बोटभर तुकडा स्टेपल केलेला आहे, बाजूला शेड आणि लॉट. तुमच्या तुकड्यासमोर त्यांच्या अक्षरात आहे: ‘४ नेले. ५ घ्या म्हटलं. पुरेल म्हणाल्या.’ तुम्हाला खिजवायला हे सांगत नाही. २५ ग्रॅमच्या चार गुंड्यांत तान्ह्या बाळाचा पूर्ण बाहीचा स्वेटर होतो, पण जेमतेम. विणणारीचा हात सैल असेल किंवा टोपडंही त्यातच करायचं ठरलं, तर पाचवा लागतोच. न उघडलेला, लेबल शाबूत असलेला गुंडा आम्ही परत घेतो. उघडलेला घेत नाही, कारण आत किती ग्रॅम उरलंय, कुठे गाठ आहे, हे पुढच्या गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगता येत नाही. हा नियमही काकूंचाच. काउंटरमागच्या पाटीवरचं अक्षर तुम्ही ओळखाल.

स्वेटर मात्र वाया गेलेला नाही. फोटोत पाठ, दोन्ही पुढचे भाग आणि एक बाही जुन्या लॉटची दिसते, दुसरी बाही निम्म्यावर बदललेली. दोन्ही बाह्या उसवा. मग जुन्या गुंड्याच्या दोन सुया (म्हणजे दोन ओळी), नव्याच्या दोन सुया, असं आलटून पालटून दोन्ही बाह्या विणा. दोनच सुया अशासाठी की धागा परत त्याच कडेला येतो, तोडावा लागत नाही. कडेने वर नेताना तो सैल ठेवा, नाहीतर शिवण आखडते. साध्या सुलट विणीत जिथे लॉट एकदम बदलतो तिथे रेघ उठते. असा मिसळला की ती रेघ राहत नाही आणि दोन्ही बाह्या सारख्या दिसतात.

उसवलेली लोकर कुरळी होते, ती तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती तिची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत वाळवा. इस्त्री अजिबात नको. बेबी वूल बहुतेक ॲक्रिलिक असतं. एकदा चटका बसला की ते लोळागोळा होतं, मूळचा भरीवपणा परत येत नाही.

टाक्यांच्या हिशेबाला बसणारं माणूस गेलं, हे खरंच. पण काकूंची रीत दुकानात सगळ्यांना येते. त्या आधी नमुना मागायच्या: त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, हातभर नव्हे पण १२-१३ सेंटिमीटरचा चौकोन, धुऊन वाळवलेला. कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके मोजायचे. १० नंबरच्या सुयांवर २८ आले आणि छातीचा घेर ५० सेंटिमीटर हवा असेल, तर पाठीला २५ सेंटिमीटर, म्हणजे ७० टाके. दोन सुलट दोन उलट बॉर्डरला चारच्या पटीत दोन जास्त लागतात, ७० त्यात चपखल बसतात. नमुना न करता हेच ७० टाके घातले आणि हात सैल पडून १० सेंटिमीटरला २५ च टाके बसले, तर पाठ २८ सेंटिमीटर होते आणि आख्खा स्वेटर ६ सेंटिमीटरने ढगळ. शिवाय आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन. ऑनलाइन विणीच्या कृतींत सुयांचं माप मिलिमीटरमध्ये असतं, तिथे पुष्कळ जणी फसतात.

तेव्हा स्वेटर, दोन्ही लेबलं आणि वापरलेल्या सुया घेऊन या. दुपारी चारच्या आत आलात तर पायरीवर ऊन असतं. बाह्यांचे टाके तिथेच मोजून, कागदावर लिहून देऊ. सोमवारी दुकान बंद असतं.