सी की एस?

माझा मेल बरोबर होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ऑफिसात सध्या माझ्याशिवाय कुणाचाच त्यावर विश्वास नाही. मेलच्या शेवटी मी 'प्लीज ॲडव्हाइज' लिहिलं होतं, एस घालून. वरिष्ठांनी एस खोडून सी केला, तो लाल रंगात रंगवला आणि 'रिप्लाय ऑल' दाबलं. त्या 'ऑल'मध्ये ज्यांना माझं नावही धड माहीत नाही असे लोक होते. आता त्यांना माझं इंग्रजी माहीत आहे.

गेले त्यांच्या टेबलापाशी.

"सर, तिथे एसच हवा. नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "प्लीज लावलं की क्रियापद होतं का?"

"प्लीजमुळे नाही हो. समोरच्याने काहीतरी करावं असं आपण सांगतोय ना, म्हणून."

"मेल कुणाला होता?"

"तुम्हाला."

"म्हणजे मी काय करावं, हे तुम्ही मला सांगताय?"

इथे व्याकरण संपलं आणि सेवाज्येष्ठता सुरू झाली. तरी मी चिकाटी सोडली नाही. म्हटलं, सर, उच्चार ऐका. नामाच्या शेवटी स येतो, क्रियापदाच्या शेवटी ज. 'जग'मधला नाही, 'जरा'मधला. मी दोन्ही शब्द तीन-तीनदा म्हणून दाखवले. शेजारच्या टेबलांवरचे कीबोर्ड थांबले.

"थांबा," सर म्हणाले. "जिथे स म्हणायचं तिथे लिहायचा सी. आणि जिथे एस लिहायचा तिथे म्हणायचं ज."

"हो."

"आणि हे तुम्हाला पटतं?"

आता काय बोलणार? नाहीच पटत. कुणाला पटेल? पण तो नियम मी केलेला नाही!

तेवढ्यात हिशेब खात्यातला एकजण खुर्ची सरकवत आला आणि म्हणाला, "मी कायम 'प्लीज गाइड' लिहितो. नामही तेच, क्रियापदही तेच. भानगडच नाही." सरांनी त्याच्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं की इतकी वर्षं काम करून माझ्या वाट्याला तसं बघणं कधी आलेलं नाही.

तसं बघितलं तर या भाषेला लाज म्हणून नाही. 'यूज' घ्या. नाम असताना शेवटी स, क्रियापद असताना ज, आणि स्पेलिंग एकच. म्हणून कुणी लाल रंग काढत नाही. प्रॅक्टिसचं नेमकं उलट. ब्रिटिश लिहिताना नामाला सी आणि क्रियापदाला एस लावतात, पण बोलताना दोन्हींत तसूभर फरक नाही. लायसन्सचंही तेच. अमेरिकनांनी कंटाळून प्रॅक्टिसला दोन्हीकडे सी दिला आणि लायसन्सला दोन्हीकडे एस. ॲडव्हाइसच्या वाटेला मात्र तेही गेले नाहीत. त्यामुळे "तुमचं ते अमेरिकन असेल" हा सरांचा पुढचा बाणही फुकट होता. गंमत म्हणजे हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात डीसुद्धा नव्हता. तो पुढे लॅटिनकडे बघून घुसवला, आणि नामातला सीही नंतरचाच. म्हणजे चांगल्या चाललेल्या शब्दाला 'दुरुस्त' करणारे वरिष्ठ तिकडेही होतेच.

कॉम्प्युटरने तरी बाजू घ्यावी? तो कशाला घेतोय! दोन्ही शब्द खरे, त्यामुळे स्पेलिंग तपासणारा गप्प. शेवटी मी शब्दकोशाचं पान उघडून सरांसमोर धरलं. त्यांनी दुरुस्ती केली तेव्हा कुणी त्यांच्याकडे शब्दकोश मागितला नव्हता. पुरावा मी आणायचा, आणि आणला की "जरा जास्तच मनाला लावून घेता तुम्ही" हेही मीच ऐकायचं. आणि लावून घेतलंच आहे मी! त्या मेलमध्ये दोन वेगवेगळ्या तारखा होत्या आणि त्यातली कुठली धरायची एवढंच मी विचारलं होतं. एकानेही उत्तर दिलेलं नाही. शेवटच्या शब्दातलं एक अक्षर मात्र सगळ्यांनी वाचलं. एका मुलीने तर सरांच्या मेलखाली 'थँक्स फॉर द लर्निंग' लिहिलं. लर्न हे धडधडीत क्रियापद ओढून त्याचं नाम केलं, पण तिला कुणी लाल रंग लावला नाही.

या प्रकरणातून एक निष्पन्न झालं: बाहेर जाणाऱ्या सगळ्या पत्रांसाठी आता एक ठरलेला मसुदा आहे. शेवटची ओळ 'काइंडली ॲडव्हाइस', सी घालून. आणि तळाशी, मसुदा कुणी तयार केला त्या रकान्यात, माझं नाव.

ते तेवढं काढा म्हणून मी सरांकडे गेले, तर म्हणाले, "अहो, श्रेय घ्यायला इतकं लाजू नये."