२१ दिवसांत राग कायमचा जातो? ध्यानाच्या त्या मेसेजबद्दल

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: रोज पहाटे २० मिनिटं विचारशून्य होऊन बसा. २१ दिवसांत मेंदूची रचना बदलते आणि राग कायमचा जातो. तोवर राग आलाच तर उशीवर बुक्के मारून मोकळे व्हा. नवरा-बायकोची भांडणं आपोआप थांबतील, गोळ्या आणि काउन्सेलर दोन्ही सुटतील. दुष्परिणाम शून्य.

ध्यानाचा उपयोग होतो, यावर वाद नाही. वाद आहे तो या मेसेजमधल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यावर.

२१ दिवस

हा आकडा ध्यानातून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं की, शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातलं 'किमान' गळालं, चेहराही गळाला, उरला तो आकडा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांच्या नव्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (मधला आकडा) ६६ निघाला. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मेसेजचा खरा तोटा इथेच होतो: बाविसाव्या दिवशी मुलावर ओरडलं की 'आपल्याला हे जमत नाही' म्हणून माणूस चटई गुंडाळतो. त्यापेक्षा दात घासल्यावर किंवा चहाआधी, रोज त्याच कामाला जोडून, पाच मिनिटांनी सुरुवात करावी.

मेंदूची रचना

हा दावा मुख्यतः २०११ च्या एका गाजलेल्या अभ्यासावर उभा आहे. त्यात ध्यानाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम करणारे होते अवघे १६ जण. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक लोकांवर तीच तपासणी झाली, तेव्हा रचनेत तसा बदल दिसला नाही. २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक फायदा आढळला. औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. माफक फायदाही फायदाच असतो, फक्त तो फॉरवर्ड करण्याइतका चटकदार नसतो.

विचारशून्य

असं होत नाही आणि व्हायची गरजही नाही. श्वासाकडे लक्ष द्यायचं, ते किराणा-बिल-बॉसकडे पळालं की 'गेलं' एवढं ओळखायचं, चिडचिड न करता परत आणायचं. दहा मिनिटांत पन्नास वेळा पळालं तर पन्नास वेळा सराव झाला.

उशीवर बुक्के, आणि भांडणं आपोआप थांबणं

उशीचा सल्ला तर सरळ उलटा आहे. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला: शरीराची उत्तेजना वाढवणाऱ्या कृतींनी राग कमी होत नाही, उत्तेजना उतरवणाऱ्या कृतींनी होतो. रागाच्या भरात धावायला जाण्याचाही उपयोग दिसला नाही.

पण शांत बसता येणं वेगळं आणि भांडता येणं वेगळं. पहाटेचा सराव रात्री साडेनऊला, ओट्याशी उभं राहून वाद चालू असताना, आपोआप हजर होत नाही. तो तिथेच करावा लागतो. जोडप्यांवर अनेक दशकं संशोधन करणारे जॉन गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला १००च्या वर गेली की समोरच्याचं म्हणणं नीट ऐकूच येत नाही. १५ सेकंद नाडी मोजून चारनं गुणा. मोजायचं भान नसेल तर खुणा बघा: कानशिलं तापणं, तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलणं.

अशा वेळी परतायची वेळ सांगून थांबा: "मला अर्धा तास दे, दहा वाजता बोलू." शरीराची उत्तेजना उतरायला निदान २० मिनिटं लागतात. त्या वेळात साधारण चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. फार खोल ओढू नका, गरगरतं. 'तिला असं सुनवायला हवं होतं' याची मनातल्या मनात उजळणी चालू राहिली, तर अर्धा तासही वाया जातो.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. ठरल्या वेळी परत यायचंच नाही आणि वर 'मी साक्षीभावानं बघतोय' म्हणायचं. घरात त्याला अबोला म्हणतात.

परत आल्यावर पहिलं वाक्य बदला. "तू नेहमी तुझ्या आईचीच बाजू घेतोस" याऐवजी "पाडव्याला कुठे जायचं ते मला न विचारता ठरलं, मला वाईट वाटलं." इथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत कामी येते, महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. 'त्यानं मला विचारलंच पाहिजे' ही मागणी पकडायची आणि तिचं साध्या इच्छेत रूपांतर करायचं: 'विचारलं असतं तर बरं झालं असतं; नाही विचारलं हे वाईट आहे, असह्य नाही.' वाईट वाटणं उरतं, तेवढं उरायलाच हवं. त्यामुळे मुद्दा बोलता येतो, संताप मात्र उतरतो.

मारहाण, धमक्या असतील तिथे यातलं काहीही लागू नाही. तिथे श्वास मोजत बसू नये. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानं नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत.

दुष्परिणाम शून्य, गोळ्या बंद

काहींना ध्यानात भीती उसळते, जुना आघात पुन्हा समोर उभा राहतो, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटतं. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राच्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातसुद्धा मानसिक आजार आणि चालू औषधं विचारली जातात, ते उगाच नाही. असं झालं तर डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, थांबा. मिनिटं वाढवू नका.

नैराश्यावरच्या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, निद्रानाश, विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव होऊ शकते. बायपोलर आजारावरचं लिथियम अचानक थांबवलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. डोस कमी करायचाच असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.