‘हॅस्केल लेझी आहे, मग स्ट्रीमिंग लायब्ररी कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक मत वारंवार फिरत असतं: “भाषा मुळातच लेझी आहे, म्हणजे मूल्य लागेल तेव्हाच काढते. लिस्ट म्हणजेच स्ट्रीम. म्हणजे एकेक करून येणाऱ्या घटकांचा प्रवाह. रीडफाइल या फाइल वाचणाऱ्या फंक्शनने कितीही मोठी फाइल वाचा, लागेल तेवढीच मेमरीत येते. कॉन्ड्युइट, पाइप्स, स्ट्रीमली या स्ट्रीमिंग लायब्ऱ्या उगाच गुंतागुंत वाढवतात, शिवाय मंद आहेत.” छोट्या प्रोग्रॅममध्ये हे खपून जातं. दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र ते अंगाशी येतं, आणि नवशिके त्यावर विश्वास ठेवतात याचं मला वाईट वाटतं.

“लिस्ट म्हणजेच स्ट्रीम.” शुद्ध (बाहेरच्या जगाला हात न लावणाऱ्या) हिशेबापुरतं मान्य. अनंत लिस्टमधून पहिल्या शंभर मूळ संख्या काढायला कुठलीच लायब्ररी नको. अडचण आयओपाशी, म्हणजे फाइल, नेटवर्क अशा बाहेरच्या वाचन-लेखनापाशी सुरू होते, कारण आयओमध्ये मॅपएम (लिस्टच्या प्रत्येक घटकावर क्रिया चालवणारं फंक्शन) लेझी नसतं. दहा लाख ओळींवर ते चालवलं तर सगळे निकाल तयार होईपर्यंत पुढची पायरी थांबून राहते आणि तोवर ते निकाल मेमरीत साठत जातात. एक घटक वाचा, त्यावर काम करा, पुढे द्या, मग दुसरा घ्या, ही साधी गोष्ट आयओसकट करायला स्ट्रीमिंग लायब्ररी लागते.

“रीडफाइल हवं तेवढंच वाचतं.” वाचतं, पण कधी? कोणीतरी ते मूल्य मागेल तेव्हा, आणि तो क्षण कोड वाचून सापडत नाही. विथफाइलच्या (फाइल उघडून काम झाल्यावर ती बंद करणाऱ्या फंक्शनच्या) आत एचगेटकन्टेन्ट्स हे लेझी वाचन करणारं फंक्शन वापरून मजकूर तसाच बाहेर परत करून बघा. विथफाइल हँडल, म्हणजे उघड्या फाइलचा दुवा, बंद करतं आणि वाचायची वेळ त्यानंतर येते. जीएचसी या हॅस्केलच्या कंपाइलरच्या जुन्या आवृत्त्यांत अशा वेळी चक्क रिकामा मजकूर हाती यायचा, एररसुद्धा नाही. आता एक्सेप्शन येतं, पण फाइलपासून दूर, भलत्याच शुद्ध फंक्शनच्या पोटात. हॅस्केल ९८ या भाषेच्या जुन्या प्रमाणाच्या रिपोर्टने तर अशा अर्धवट बंद हँडलवरच्या एरर सोडून द्यायला सांगितलं होतं!

हजारो फाइलींवर मॅपएम रीडफाइल चालवलं तर आणखी वाईट. फाइली लगेच उघडतात, वाचल्या मात्र जात नाहीत, म्हणून बंदही होत नाहीत. लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फाइलींची मर्यादा बहुधा १०२४ असते, ती ओलांडली की प्रोग्रॅम कोसळतो. ओलेग किसेल्योव यांचे इटरेटी (तुकड्यातुकड्याने डेटा घेणारे घटक) याच दुखण्यावरचा उपाय होते. पुढे मायकेल स्नॉयमन यांचं कॉन्ड्युइट आणि गॅब्रिएला गोन्झालेझ यांचं पाइप्स आलं. कॉन्ड्युइटमध्ये रिसोर्सटी (उघडलेल्या फाइली नक्की बंद करणारी सोय) वापरलं की फाइल कुठवर उघडी राहील याची हद्द कोडमध्येच दिसते, आणि मध्येच एक्सेप्शन आलं तरी ती बंद होते.

“मेमरी कमीच लागते.” एकाच मजकुरातल्या आधी ओळी मोजा, मग शब्द मोजा. ओळी मोजताना वाचलेला मजकूर शब्दांसाठी राखून ठेवावा लागतो, त्यामुळे नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला त्याला हात लावता येत नाही. ६४ बिट मशीनवर स्ट्रिंगच्या (अक्षरांच्या लिस्टच्या) एका अक्षराला किमान २४ बाइट लागतात. म्हणजे एक जीबीच्या साध्या इंग्रजी फाइलला निदान २४ जीबी! दोन्ही मोजण्या एकाच फोल्डमध्ये (घटक एकेक घेत हिशेब पुढे नेणाऱ्या फंक्शनमध्ये), एकाच फेरीत केल्या तर हा प्रश्न उरत नाही.

“लायब्ऱ्या मंद आहेत.” यात थोडं तथ्य आहे. पाइप्स आणि कॉन्ड्युइटमध्ये दर घटकामागे काही खर्च पडतो. म्हणून फाइल वाचताना एकेक अक्षर पुढे ढकलत नाहीत, बाइटस्ट्रिंगचे (सलग साठवलेल्या बाइट्सचे) सुमारे ३२ केबीचे तुकडे पाठवतात. मग तो खर्च नगण्य होतो. हरेंद्र कुमार यांची स्ट्रीमली स्ट्रीम फ्यूजनवर उभी आहे. कूट्स, लेश्चिन्स्की आणि स्टुअर्ट यांनी २००७ मध्ये मांडलेल्या या तंत्रात मधल्या पायऱ्यांची रचनाच जीएचसी वितळवून टाकतो आणि साधा लूप उरतो. हे फ्यूजन कोडमधल्या किरकोळ बदलानेही तुटू शकतं आणि कंपाइलर त्याची सूचना देत नाही. त्यामुळे वेगासाठी स्ट्रीमली निवडणाऱ्याने बेंचमार्क (वेग मोजणाऱ्या चाचण्या) कोडसोबतच ठेवावेत आणि प्रत्येक बदलानंतर चालवावेत.