गार पाण्याने नस फुटत नाही

उन्हातून आल्या आल्या गार पाणी प्यायलं की नस फुटते, हा मेसेज नागपुरात मे महिन्यात हमखास फिरतो. साफ खोटं. थंडीने रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू आकुंचन पावतात, एवढंच. माठातलं असो की फ्रिजमधलं, प्या.

भीती शरीराच्या आतल्या तापमानाची बाळगा. बाहेरच्या ४५ अंशांत त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय जोरात धावतं, घाम सुटतो. (ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा यात काहीही करत नाही.) हे सगळं कमी पडून शरीर ४० अंशांपुढे गेलं की पेशींना इजा होऊ लागते, मेंदू, मूत्रपिंडं, यकृत, सगळेच कचाट्यात सापडतात. माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा बेशुद्ध असेल, तर मात्र पाणी पाजू नका. अंगावर ओता आणि १०८ ला फोन लावा.